डॉलर अमेरिकेतून येतात, मग टॅक्स इथे का?

‘मॅडम, क्लायंट अमेरिकेचा, पैसे डॉलरमध्ये, काम सगळं ऑनलाइन. मग टॅक्स इथे का भरायचा?’ सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात सीए म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले असतात. कुणी मिरजेत बसून जर्मनीतल्या कंपनीचं ॲप लिहितं, कुणी लंडनच्या एजन्सीसाठी मालिकांची मराठी सबटायटल्स करतं, कुणी ऑस्ट्रेलियातल्या वास्तुविशारदाला घरांची थ्रीडी चित्रं काढून देतं. आईवडिलांना नीटसं कळत नाही की मुलगा नेमकं काय करतो, पण दर महिन्याला पैसे येतात हे दिसतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

टॅक्स लागतो. भारतात वर्षातले १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहणारा माणूस आयकराच्या दृष्टीने इथला रहिवासी असतो, आणि तुमच्यासारख्या कायम इथेच राहणाऱ्याला जगात कुठूनही आलेलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. क्लायंट कुठे आहे, पैसे कोणत्या चलनात आले, बँकेत घेतले की परदेशी वॉलेटमध्येच ठेवले, याने काही बदलत नाही. सांगलीत खुर्चीवर बसून केलेल्या कामाची कमाई सांगलीचीच.

इथवर ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. आता तीस टक्के गेले, असं त्याला वाटतं. म्हणूनच पुढचं सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अशा कमाईवर आपला कायदा लोक समजतात त्यापेक्षा खूप सौम्य आहे. माझ्याकडे येणाऱ्यांतले अनेक जण ज्या टॅक्सच्या भीतीने गप्प बसलेले असतात, तो टॅक्स त्यांना लागूच झालेला नसतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी घ्या. सॉफ्टवेअर डेव्हलपर, २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी क्लायंटकडून एकूण जमा २२ लाख रुपये. आयकरात ४४ एडीए नावाचं कलम आहे. डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, आयटीतले अशा ठरावीक व्यावसायिकांना ते लागू होतं. एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. लॅपटॉप, इंटरनेट, वीजबिल, प्लॅटफॉर्मचं कमिशन हे सगळं उरलेल्या निम्म्यात आलं असं धरतात, त्याच्या पावत्यांचा हिशेब मागत नाहीत. म्हणजे या मुलाचं उत्पन्न ११ लाख. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर पाच टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या तीन लाखांवर दहा टक्के म्हणजे ३० हजार. एकूण ५० हजार. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सवलत आहे, त्यात हे ५० हजार पूर्ण माफ होतात. आयकर शून्य.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. निम्मं हे किमान आहे, स्वतःहून जास्त दाखवायला कायद्याची ना नाही. आणि ‘एकूण जमा’ म्हणजे क्लायंटने दिलेली पूर्ण रक्कम, हातात आलेली नव्हे. प्लॅटफॉर्मने हजार डॉलरमधून शंभर कापून नऊशे पाठवले तरी तुमची जमा हजारच. बरेच जण नऊशे लिहितात, आणि मग प्लॅटफॉर्मच्या स्टेटमेंटशी रिटर्न जुळत नाही.

सबटायटल्स करणारे, लेखक, अनुवादक, डिजिटल मार्केटिंगवाले यांचं काय, हा पुढचा प्रश्न. ४४ एडीएच्या यादीत अनुवादक हा शब्द नाही. यादीतल्या ‘फिल्म आर्टिस्ट’मध्ये कथा, पटकथा, संवाद लिहिणारे येतात, सबटायटल्सचं नाव त्यात नाही. नेटवर कुणीही सर्रास सांगतं की सगळ्याच फ्रीलान्सर्सना हे कलम चालतं. मी तसा सल्ला देत नाही. अशांनी खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात, साधं का होईना जमाखर्चाचं पुस्तक लिहावं आणि खरा नफा दाखवून आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा. लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअरचं वर्षाचं शुल्क, घरातल्या खोलीचा वाजवी हिस्सा, बँकेने कापलेले पैसे, सगळं वजा होतं.

आता जीएसटी. याची भीती आयकरापेक्षाही जास्त, आणि घोळही इथेच जास्त. सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. परदेशी काम हे आंतरराज्य व्यवहारात मोडतं, म्हणून पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. सेवांसाठी ही अट २०१७ मध्येच अधिसूचना काढून शिथिल केलेली आहे. पण २० लाख मोजताना परदेशी कमाई धरावीच लागते. म्हणजे आपला २२ लाखांचा मुलगा आयकरात शून्यावर आहे, तरी जीएसटीत त्याला नोंदणी घ्यावीच लागणार. इथे लोक गडबडतात. आयकर शून्य म्हणजे सगळं शून्य, असा समज होतो.

नोंदणी घेतली म्हणून १८ टक्के भरावे लागतात असंही नाही. सेवा देणारा भारतात, घेणारा बाहेर, सेवा पुरवल्याचं ठिकाण बाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, आणि देणारा-घेणारा ही एकाच संस्थेची दोन अंगं नाहीत, इतकं जुळलं की ती सेवेची निर्यात. निर्यातीवर कराचा दर शून्य. त्यासाठी पोर्टलवर एलयूटी, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंग, भरायचं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच असतं, दर एप्रिलला नवं. फी नाही, भरायला फार वेळही लागत नाही, तरी सगळ्यात जास्त विसरलं जातं तेच. इन्व्हॉइसवर ही निर्यात एलयूटीखाली, कर न भरता केली आहे अशी ओळ हवी. आणि इन्व्हॉइसच्या तारखेपासून साधारण वर्षाच्या आत पैसे यायला हवेत, नाहीतर कर आणि व्याज दोन्ही मागे लागतं. म्हणून क्लायंटने बिल थकवलं असेल तर त्याच्याशी झालेला ईमेल व्यवहार जपून ठेवा. एक चटका मात्र बसतो. नोंदणी झाल्यावर गावातल्या दुकानदाराला लोगो करून दिला तरी त्याच्या बिलावर १८ टक्के लावावे लागतात. हे त्याला आधी सांगा.

सगळ्यात जास्त जीव मी ज्या गोष्टीत घालते ती म्हणजे बँकेतली एक छोटीशी नोंद. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला एक पर्पज कोड लागतो, पैसे कशाचे आहेत ते सांगणारा. सॉफ्टवेअरच्या कामाला पी-०८०२. कुटुंबाच्या खर्चासाठी आणि बचतीसाठी परदेशस्थ भारतीयाने पाठवलेल्या पैशाला पी-१३०१. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची वर्षभराची सगळी कमाई पी-१३०१ खाली जमा झालेली होती. पहिली रक्कम आली तेव्हा शाखेतून फोन आला, ‘पैसे कशासाठी आलेत?’ त्याने जे खरं होतं तेच सांगितलं, ‘घरखर्चासाठी.’ पैसे घरखर्चालाच जाणार होते! पण बँक विचारत होती की पैसे कशाबद्दल मिळाले. पुढच्या सगळ्या रकमा त्याच कोडखाली येत गेल्या. आता एका बाजूला त्याचं इन्व्हॉइस म्हणतं वेबसाइटचं काम, दुसऱ्या बाजूला बँकेचा कागद म्हणतो नातेवाइकाने पाठवलेले पैसे. जीएसटीत निर्यात सिद्ध करायची तर पुरावा म्हणून बँकेचाच कागद लागतो, ज्याला आपण एफआयआरसी किंवा एफआयआरए म्हणतो. त्या कागदावरच चुकीचं लिहिलेलं. आम्ही बँकेला पत्र दिलं, प्रत्येक इन्व्हॉइसची प्रत जोडली, आणि कोड दुरुस्त करून घेतले. झालं, पण त्यासाठी शाखेत खेटे घालावे लागले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून पहिली रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात बँकेचा ॲडव्हाइस, म्हणजे पैसे जमा झाल्याचा कागद, उघडा आणि कोड वाचा.

याच कारणाने ‘अमेरिकेतल्या मामाच्या खात्यात पैसे घेऊ, तो इकडे पाठवेल’ या युक्तीला मी सरळ नाही म्हणते. मामाच्या खात्यात अचानक धंद्याचे पैसे दिसायला लागले की तिथे उत्तर त्याला द्यावं लागणार, आणि इथे आल्यावर ते पैसे भेट म्हणून दिसणार. तुमची कमाई तुमच्या नावावर कुठेच उरत नाही. उद्या घराचं कर्ज काढायला गेलात की बँक रिटर्न मागते. यूएसडीटीसारख्या क्रिप्टोत पैसे घेणं तर त्याहून वाईट. जीएसटीच्या व्याख्येत ते परकीय चलन नाही, त्यामुळे निर्यात ठरत नाही. शिवाय ते विकून नफा झाला तर त्यावर सरळ ३० टक्के.

अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म पाठवतात, तो पाहून बऱ्याच जणांची झोप उडते. अमेरिकेत टॅक्स लागला, असं वाटतं. त्या फॉर्मचा अर्थ उलटा आहे. मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही, एवढं त्यात तुम्ही लिहून देता. नाव, इथला पत्ता, आणि परदेशी करक्रमांकाच्या जागी तुमचा पॅन. काम भारतात बसून केलेलं असेल तर तो मेहनताना अमेरिकेतलं उत्पन्न मानला जात नाही, आणि हा फॉर्म असला की क्लायंटला तिथे कर कापावा लागत नाही. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेरपर्यंत तो चालतो. डब्ल्यू-९ मात्र चुकूनही भरू नका, तो अमेरिकेतल्या करदात्यांसाठी आहे.

काही देशांत मात्र क्लायंट पैसे पाठवतानाच कर कापतात. तो फुकट जात नाही. आपल्या रिटर्नमध्ये फॉर्म ६७ भरून नियमांच्या मर्यादेत त्याचं क्रेडिट मिळतं, कर कापल्याचा कागद मात्र मागून ठेवा. पण मग आयटीआर-४ हा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ लागतो. परदेशी कंपनीने तुम्हाला शेअर्स दिले असतील किंवा तिकडे बँक खातं असेल तरीही तसंच. परदेशी मालमत्तेचा तक्ता रिकामा सोडण्याचा दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो, तो कराच्या रकमेवर अवलंबून नाही.

अॅडव्हान्स टॅक्सचं, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायच्या कराचं, थोडक्यात. वर्षाचा देय कर दहा हजार किंवा त्याहून जास्त असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला हप्ते. ४४ एडीएवाल्यांना एकच, १५ मार्च.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी व्यवसायकर विसरू नये. नोकरीत तो पगारातून कापला जायचा, म्हणून स्वतःचं काम सुरू केल्यावर आठवणच राहत नाही. पीटीईसी नोंदणी करायची, वर्षाला २,५०० रुपये. आपल्या २२ लाखांच्या उदाहरणात वर्षभराचा सगळा कर मिळून निघतो तो एवढाच.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत. ४४ एडीए शोधायला जाल तर आता ते कलम ५८ मध्ये आहे. २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे.

ज्यांनी मागची दोन-तीन वर्षं काहीच भरलेलं नाही, त्यांना एक सांगते. अपडेटेड रिटर्नची सोय आता त्या त्या कर निर्धारण वर्षाच्या (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून चार वर्षांपर्यंत आहे. कर आणि व्याजावर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, नंतर ५०, ६०, ७०, म्हणजे जितका उशीर तितकं महाग. तुमच्या सीएकडे जाताना त्या वर्षांची बँक स्टेटमेंट, प्लॅटफॉर्मचे वार्षिक रिपोर्ट आणि सापडतील तेवढी इन्व्हॉइस घेऊन जा. जुनी इन्व्हॉइस नसतील तर क्लायंटचे ईमेल प्रिंट करा. त्यातल्या तारखा आणि रकमा स्टेटमेंटशी जुळवता येतात.