सातच्या मालिकेगत

"काय ओ, हे आपल्या सातच्या मालिकेगत दिसतंय की!"

निर्मात्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या युनिटच्या वहिनी, एवढंच बोलल्या आणि दिग्दर्शकानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. कोल्हापूरजवळच्या त्यांच्या बंगल्यात, नव्या कोऱ्या ६५ इंची टीव्हीवर आमच्या सिनेमाचा फर्स्ट कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, चालू होता. छायाचित्रण माझं. भाड्यानं आणलेला भारी कॅमेरा, कोवळ्या उन्हासाठी पहाटे उठून काढलेला जीव, आणि पडद्यावर मालिका. वाईट हे की मलाही तसंच दिसत होतं.

वहिनींना यातलं काय कळतं, असं म्हणायची सोय नव्हती. दूरदर्शनचे व्हिडिओ कॅमेरे सेकंदाला ५० फील्ड टिपायचे, म्हणजे हालचालीचे ५० वेगवेगळे क्षण. सिनेमाच्या फिल्मवर तेच २४. टीव्हीवरचं चित्रित नाटक आणि रविवारचा सिनेमा यातला फरक आम्ही चड्डीत असताना ओळखायचो, कारण माहीत नसलं तरी. हालचाल गुळगुळीत झाली की सेट सेट दिसायला लागतो आणि मिशी चिकटवलेली.

पण आम्ही शूट सेकंदाला २५ फ्रेम्सवर केलं होतं, शटर १८० अंश, म्हणजे दर फ्रेमला १/५० सेकंद उजेड आत. लॅपटॉपवर तोच कट झकास दिसला. मग सायकलचा शॉट पुन्हा लावायला सांगून मी टीव्हीला नाक लावून उभा राहिलो. बाभळीच्या खोडामागून सायकल बाहेर येताना चाकाच्या तारांभोवतीचं चित्र पाण्यात हलल्यासारखं विरघळत होतं. हे कॅमेऱ्याचं काम नाही! टीव्ही दोन फ्रेम्सच्या मध्ये आपल्या मनानं नव्या फ्रेम्स रचून घालत होता. हा उद्योग प्रत्येक कंपनी वेगळ्या नावानं मेनूच्या पोटात ठेवते. दहा मिनिटं रिमोट बडवल्यावर सापडला, बंद केला.

"हां, आता पिक्चर वाटतोय," निर्माते, म्हणजे आमचे दादा, म्हणाले. मी गार झालेला चहा उचलला. तेवढ्यात तालमीचा सीन आला.

"हितं मात्र डोळ्यात खुपतंय काहीतरी," वहिनी.

खुपत होतंच. पैलवानाचा हात इथून तिथं टकटक उड्या मारत होता. उडालेल्या तांबड्या मातीचा कण न् कण वेगळा, सुईसारखा. आणि हे टीव्हीचं नव्हतं, माझं होतं. पैलवान अंगावर माती घेतो तो शॉट स्लो मोशनसाठी बी कॅमेऱ्यावर, म्हणजे जोडीच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर, ५० फ्रेम्सनी घेतला, शटर १/१०० वर. नंतरची कुस्ती त्याच सेटिंगवर टिपली गेली. तालमीतल्या ट्यूबलाइट लुकलुकल्या असत्या तर तिथंच लक्षात आलं असतं, पण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला १/१०० सुद्धा चालतं. एडिटिंगमध्ये सॉफ्टवेअरनं एक सोडून एक फ्रेम गाळली, सेकंदाला २५ उरल्या. प्रत्येक फ्रेममधली हालचालीची धूसरता मात्र नेहमीच्या निम्मीच, म्हणून त्या टकटक उड्या. शटर ९० अंशांवर ठेवल्यासारखं.

लाज याची की हे मला पाठ होतं. २०१२ साली आलेला 'द हॉबिट' या इंग्रजी सिनेमाचा पहिला भाग ४८ फ्रेम्सवर काढला, तेव्हा २४ च्या आवृत्तीचा विचार करून शटर २७० अंश ठेवलं होतं, १/६४ सेकंद. निम्म्या फ्रेम्स गाळल्या तरी धूसरता पुरावी म्हणून. (४८ चे खेळ बघून तिकडच्याही पुष्कळांना टीव्ही मालिकाच आठवली, ते वेगळं.) चहाच्या टपरीवर ही गोष्ट मी निदान चार असिस्टंटना ऐकवलीय.

दिग्दर्शकाला बाहेर व्हरांड्यात नेऊन खरं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, त्यानं फक्त विचारलं, "किती शॉट?" अकरा. पुढे डीआयच्या, म्हणजे रंग सुधारायच्या कामाच्या, आधी त्या अकरा शॉटना सॉफ्टवेअरनं कृत्रिम धूसरता दिली. नऊ सावरले. दोन ठिकाणी हाताची कड फाटत होती, ते दिग्दर्शकानं कापले. त्यातला एक माझा सगळ्यात आवडता होता.

त्या दिवशी निघताना मी चपला घालत होतो, तर वहिनी रिमोट घेऊन दारात.

"भाऊ, ते मगाचचं परत लावून द्या की. उद्या मॅच हाय."

दिलं लावून.