हरिपूरच्या संगमावर

पक्षी सप्ताह चालू आहे. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. म्हणून आज आमचा सांगलीचा ग्रुप पहाटेच हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. धुक्यात पलीकडचा काठ दिसेना.

ऊन पडलं आणि कवड्या खंड्या दिसला! पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला, चोच सरळ खाली. दगड पडावा तसा सूर मारला. वर आला तो चोचीत चकाकती मासोळी घेऊन. खडकावर दोनदा आपटली, गिळली. ग्रुपमधल्या दादांनी दुर्बीण हातात दिली. "छातीवर दोन काळे पट्टे बघ. नर आहे. मादीला एकच, तोही मध्ये तुटलेला." आयर्विन पुलावरून जाता-येता हा पक्षी किती वेळा पाहिलाय, पण पट्टे आज पहिल्यांदा मोजले.

शेजारी गळ टाकून बसलेले काका म्हणाले, "काय बघताय एवढं?" त्यांनाही दुर्बीण दिली. पाच मिनिटं काका बोललेच नाहीत. गळ हलत होता, तिकडे लक्षच नाही!

निघताना काठावरची तुटकी नायलॉनची जाळी गोळा केली. पाणकावळे अडकतात हो त्यात, जीव तुटतो बघून. रविवारी पुन्हा जातोय, पोतं घेऊन. येणाऱ्यांनी कळवा.