वाचून कळत असताना पावसात चालायचे कशासाठी?

पावनखिंडीची हकिकत पुस्तकांत सविस्तर वाचायला मिळत असताना दर पावसाळ्यात पन्हाळ्यापासून तिथपर्यंत चिखल तुडवत कशासाठी जाता, असे तुम्ही विचारलेत. हाच प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि दरवेळी मी घाईत काहीतरी अर्धवट सांगितले आहे, म्हणून या खेपेस नीट लिहितो.

१२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि पाठलागावरच्या फौजेला बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंडीत, म्हणजेच आजच्या पावनखिंडीत, रोखून धरले, हे मला शाळेपासून पाठ होते. पण मसाई पठारावर धुके उतरले आणि चार पावलांवरचा सोबती दिसेनासा झाला, तेव्हा प्रथमच उमगले की ज्या पावसाला मी त्या हकिकतीतली अडचण समजत आलो होतो, त्यानेच निसटणाऱ्यांना आडोसाही दिला असणार. पुढे ओढ्यांना पाणी चढलेले असते, पायवाटेवर शेवाळ धरलेले असते आणि पन्नासेक किलोमीटर हा आकडा पोटऱ्यांत उतरू लागतो. आम्ही ती वाट दोन दिवसांत, विजेरी घेऊन, वाडीत मुक्काम करून चालतो. त्या मावळ्यांनी ती मागे शत्रू असताना, रात्रीच्या अंधारात कापली. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला कळले, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्या पायांखाली काय होते, एवढे मात्र कळते, आणि तेवढ्यासाठीच मी पुन्हा पुन्हा जातो.

या मोहिमेला येणारे बहुतेक जण पन्हाळ्यावर जेमतेम तासभर थांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. महिनोन्महिने वेढा सोसणारा गड खातो काय, याचे उत्तर अंबरखान्यात उभे आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेल्या तिथल्या कोठ्यांच्या जाड भिंती हात लावून पाहाव्यात आणि वरून धान्य ओतण्यासाठी छतात ठेवलेली भोकेही पाहावीत. तीन मजली अंधारबावीच्या तळाशी पाणी आहे. वेढा म्हणजे धान्य, पाणी आणि दिवस यांचा हिशेब असतो, हे मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा या दोन वास्तूंनी अधिक स्पष्ट शिकवले.

संग्रहालयातल्या जुन्या शस्त्रांकडे पाहण्याची माझी नजर मात्र कोल्हापूरच्या मर्दानी खेळांनी बदलली. काचेआड मांडलेला दांडपट्टा मी कितीदा तरी पाहिला होता आणि लांब, लवचीक पात्याची तलवार इतकेच समजून पुढे गेलो होतो. एका तालमीत तो फिरताना पाहिला, तेव्हा लक्षात आले की मूठ आणि हातमोजा एकच असल्यामुळे मनगट वाकतच नाही, त्यामुळे सारी फिरत खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून येते. त्यानंतर संग्रहालयात गेलो, तो थेट त्या पट्ट्याच्या मुठीसमोर बराच वेळ उभा राहिलो. खेळात फिरणारा पट्टा आज घडवलेला असतो आणि कपाटातला जुना पट्टा आता कधीच फिरणार नाही. म्हणून दोन्ही पाहावे लागतात.

येत्या आषाढात यायचे मनात असेल, तर पन्हाळ्यावर एक दिवस आधी या. अंबरखान्यात आत अंधार असतो, तेव्हा तिथे सकाळीच जाऊ.