राक्षसभुवन १७६३ : नदी दुप्पट रुंद केली

मराठे आणि निजाम यांच्यातली राक्षसभुवनची लढाई छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी टेबलावर खेळायचा खेळ बनवतोय. त्यासाठी गेल्या रविवारी गेवराईहून राक्षसभुवनला जाऊन आलो. शनीचं दर्शन नंतर घेतलं, आधी वही घेऊन काठावर गेलो. आज दिसणाऱ्या पाण्यावरून टेबलावरची नदी बेतणं चूक होतं, हे तिथं उभं राहिल्यावर पटलं. वर पैठणला जायकवाडी आहे. धरणातून सुटेल तेवढंच पाणी इथं येतं. १० ऑगस्ट १७६३ ला मात्र ही भर पावसाळ्यातली मोकळी गोदावरी होती. निजाम अली निम्मी फौज घेऊन उत्तर काठाला लागलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकलेला, आणि नेमकं तेव्हाच मराठ्यांनी गाठलं.

म्हणून १५ सेंटिमीटरची नदी ३० केली.

पहिल्या चाचणीत नदीला नुसती 'अवघड जमीन' धरलं होतं. निजामाकडून खेळणाऱ्या मित्रानं तिसऱ्या फेरीत पलीकडचं घोडदळ परत आणलं आणि राक्षसभुवन राहिलंच नाही. आता पूर, कुणीच ओलांडायचं नाही. उत्तर काठाचे १४ बेस (सैनिक चिकटवलेल्या छोट्या पाट्या) रंगवायला दोन महिने गेले; ते फक्त उभे राहून बघणार. जीवावर येतं, पण निजाम अलीची ती तगमग समोरच्या खेळाडूलाही जाणवायला हवी.

या लढाईत राघोबादादा घेरले गेले, १८ वर्षांच्या माधवरावांनी येऊन त्यांना सोडवलं, आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. म्हणून हुजरात, म्हणजे पेशव्यांची स्वतःची फौज, चौथ्या फेरीच्या आधी टेबलावर येणार नाही. दिवाण आठव्या फेरीपर्यंत जगला तर निजामाचा विजय. एवढं दिलं नाही तर त्या बाजूनं बसायला कोण तयार होईल?

खरी मजा घोडदळात आली. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा पडला की शिलेदाराची रोजीरोटीच गेली! तेव्हा तोफांवर थेट चाल करायची तर शिलेदारांच्या बेसला फासा टाकून ५ किंवा ६ आणावे लागतील. बारगिरांना ४ पुरतात. पागेचे (सरकारी तबेल्यातले) घोडे एकसारखे रंगवलेत, शिलेदारांचे एकाला एक मिळत नाहीत.

बेसची माती लालसर झाली होती, ती पुसून काळी केली. गेवराईकडची जमीन ती, पावसात पाय रुतवणारी.

शिलेदारांचे ११ घोडे राहिलेत. अबलख (दुरंगी ठिगळांचे) आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेले) झाले. आणखी रंग सुचवा.