'अ बिट' म्हणजे किती?

इंग्लंडला नर्सिंगच्या नोकरीसाठी निघालेल्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, तिथलं इंग्रजी समजायला काय वाचून जाऊ?" नॉटिंगहॅमच्या एका वॉर्डात मी सहा वर्षं काढली, म्हणून विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परीक्षेपुरतं इंग्रजी तुम्हाला येतंच. अडतं ते भलत्याच ठिकाणी.

पहिल्याच आठवड्यात ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी माझा हात धरून हळूच म्हटलं, "आय नीड टु स्पेंड अ पेनी, डक." मला वाटलं, यांना काही विकत घ्यायचंय. मी कपाटातून पर्स काढून त्यांच्या हातात दिली. त्या पर्सकडे बघत राहिल्या, मग दाराकडे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला सांगेपर्यंत उशीर झाला होता. चादर बदलताना आजीच "सॉरी, सॉरी" म्हणत होत्या. चूक माझी आणि ओशाळल्या त्या. ते मी अजून विसरलेले नाही.

तिथल्या सार्वजनिक शौचालयांच्या दाराला पूर्वी नाण्याचं कुलूप असे, पेनी टाकली की दार उघडे. कुलपं गेली, बोलणं जुन्या माणसांच्या तोंडी राहिलं. आपण शाळेत करंगळी दाखवायचो ना, तसंच. आणि 'डक' म्हणजे त्या भागातलं 'बाळा'. संध्याकाळचं जेवण म्हणजे बऱ्याच जणांचा 'टी'.

हे महिन्याभरात कळतं. 'अ बिट', शब्दशः 'जरासं', हे कळायला मला वर्ष लागलं. तिथली माणसं, विशेषतः म्हातारी, दुखणं कमी करून सांगतात. 1951 साली कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटिशांची ग्लॉस्टर पलटण चिनी सैन्याने वेढली. ब्रिगेडियर ब्रॉडींनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, परिस्थिती 'अ बिट स्टिकी', म्हणजे जराशी अवघड, आहे. ऐकणाऱ्याला वाटलं, निभतंय. पाचशेहून जास्त सैनिक कैद झाले. ही गोष्ट तिथे अजून सांगतात.

वॉर्डातही तेच. 'व्हेरी पूअर्ली' म्हणजे थोडी कणकण नव्हे, घरच्यांना बोलावून घ्यायची वेळसुद्धा असू शकते. म्हणून शब्दावर विसंबू नका. चेहरा बघा, नाडी बघा आणि शून्य ते दहात किती दुखतंय ते विचारा.

एक आजोबा "अ बिट सोअर" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले होते. कपाळ घामाने ओलं. आकडा विचारला, तर जरा थांबून म्हणाले, "नऊ."