एका अक्षराचा फरक

यकृताच्या हिपॅटायटिस सी या विषाणूजन्य आजारावर इंटरफेरॉन (शरीराची विषाणूविरोधी यंत्रणा चेतवणारे प्रथिन) आणि रिबाव्हिरिन हीच मुख्य औषधे होती, त्या काळातील एक कोडे मला आजही विलक्षण वाटते. विषाणूचा प्रकार तोच, मात्रा तीच, ४८ आठवड्यांचा कालावधीही तोच. तरीही एकाच्या रक्तातून विषाणू कायमचा नाहीसा होई आणि दुसऱ्याच्या पदरी दर आठवड्याची सुई, ताप, गळणारे केस आणि खचलेले मन एवढेच पडे.

या कोड्याचा मोठा भाग २००९ मध्ये उलगडला. एकोणिसाव्या गुणसूत्रावर, आयएल२८बी या जनुकाजवळ, एका विशिष्ट जागी काहींच्या डीएनएमध्ये ‘सी’ हे अक्षर असते, तर काहींच्या ‘टी’. (हा ‘सी’ सायटोसीन या डीएनएच्या घटकाचा, आजाराच्या नावातल्या ‘सी’शी त्याचा काही संबंध नाही.) आई आणि वडील दोघांकडूनही ‘सी’ मिळालेल्या रुग्णांत प्रकार १ च्या विषाणूचा आजार बरा होण्याचे प्रमाण, दोन्ही ‘टी’ असलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळले. पूर्व आशियाई वंशात ‘सी’ फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आफ्रिकी वंशात बराच कमी. निरनिराळ्या वंशांच्या रुग्णांत उपचारांच्या यशात दिसणाऱ्या तफावतीचे एक कारण त्यामुळे हाती आले.

खरी गंमत २०१३ मध्ये कळली. शेजारच्याच आयएफएनएल४ या जनुकात बिघाड असेल तर त्याचे प्रथिन तयारच होत नाही, आणि ज्यांच्यात हा बिघाड आहे (‘सी’ असलेल्यांत तो बहुधा असतोच) तेच रुग्ण अधिक प्रमाणात बरे होतात! प्रथिन तयार होणाऱ्यांच्या यकृतात विषाणूविरोधी जनुके उपचारांपूर्वीच जागी झालेली असतात, पण विषाणू त्यांना जुमानत नाही. मग आधीच भरधाव चाललेल्या यंत्रणेला बाहेरून टोचलेले इंटरफेरॉन आणखी काय वेग देणार?

रिबाव्हिरिनमुळे होणाऱ्या रक्तक्षयापासूनही काहींना आयटीपीए जनुकातील फरकामुळे बऱ्यापैकी संरक्षण मिळते.

चाचणीच्या अहवालावरील ‘टीटी’ (म्हणजे दोन्ही ‘टी’) हा अंतिम निवाडा नव्हता, ती केवळ शक्यता होती, कारण त्या गटातीलही काही जण बरे झालेच. तरीही यकृत फारसे खराब नसेल तर अशा अनेकांना नव्या औषधांची वाट पाहण्याचा सल्ला मिळे, आणि तो मला योग्यच वाटतो. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर आले. थेट विषाणूवर घाव घालणाऱ्या अशा गोळ्यांच्या जोड्यांनी बहुतेकदा १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होऊ लागले, आणि वाट पाहत थांबलेल्यांना त्यांची अक्षरे कोणी विचारलीही नाहीत.