ब्लेड नको, मशीन आणा

"ब्लेड ठेवा ते. मशीन आणा." सिस्टर एवढंच म्हणाल्या आणि वॉर्डबॉय निमूट परत गेला.

उद्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन. त्याआधी त्या जागेवरचे केस काढायचे होते. अक्कलकोटहून आलेल्या मामी सोलापुरी चादरीची घडी मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांना काही पटेना. "अहो, गुळगुळीत केल्याबिगर जागा स्वच्छ कशी व्हायची?"

सिस्टर थांबल्या. घाई होती, तरी थांबल्या. "मामी, ब्लेडनं कातडीवर बारीक चिरा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतू तिथंच घर करतात. मग टाके पिकतात."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ सालीच सांगून ठेवलंय: केस शक्यतो काढूच नका, काढायचेच तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, वस्तरा अजिबात नको. अँटिबायोटिक द्यायचं तेही ऑपरेशनची चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत. ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून लांबवायचं नाही. आपल्याकडे मात्र पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या नाहीत तर नातेवाईकच नाराज होतात!

ऑपरेशन ठरलं की आपण खर्च विचारतो, रूम एसी आहे का विचारतो. केस कशानं काढणार, हे कुणीच विचारत नाही.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन झालं तेव्हा काय वापरलं होतं, ब्लेड की मशीन?